शेपूट चावत नाही

फार जुन्या काळी, रानं मोठी होती आणि गावं लहान होती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ती मोठ्यांना चिकटून ऐकावी. भीती वाटली तर त्यांना कुशीत शिरता येईल. मोठ्यांना ती सोय नाही. त्यांनी आपलं तसंच ऐकावं.

डोंगराच्या पायथ्याशी चाळीसेक उंबऱ्यांचं एक गाव होतं. गावातली सगळी माणसं बांबूचं काम करत. सुपं, टोपल्या, दुरड्या, धान्याच्या कणग्या. दिवसभर अंगणाअंगणांतून बांबू चिरल्याचा आवाज येई. बांबू आणायला पुरुष डोंगराच्या घळीत जात. तिथे बांबूची दाट बेटं होती, आणि बेटांच्या भोवती माणसाच्या छातीइतकं उंच गवत.

त्या रानात एक जनावर होतं. कोणतं, ते तुम्ही ओळखाल. मी इतक्यात त्याचं नाव घेत नाही, कारण त्या गावात ते कुणीच घेत नव्हतं.

पणजोबांच्या काळी त्या जनावरानं गावातली बरीच माणसं नेली होती. ज्या दिवशी कुणी त्याचं नाव घेऊन "आलं, आलं!" असं ओरडे, त्या दिवशी एखादा माणूस जाईच. तेव्हाच्या शहाण्यांनी विचार केला, की नाव घेतलं म्हणूनच ते येत असणार. नाव घेणं म्हणजे हाक मारणंच. त्यांनी गावाला शपथ घातली: अख्ख्या जनावराचं नाव घ्यायचं नाही. जेवढं दिसेल तेवढंच सांगायचं. पंजा दिसला तर पंजा म्हणा. डोळे दिसले तर डोळे म्हणा.

सुरुवातीला यानं काही बिघडलं नाही. पंजा म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सगळं जनावर उभं राही, कारण त्यानं ते पाहिलेलं असे. पण पाहिलेली माणसं म्हातारी झाली, मरून गेली. जनावरही मधली पुष्कळ वर्षं दूरच्या रानात निघून गेलं होतं. मागे राहिले ते नुसते शब्द. मुलं मोठी झाली ती पंजा, दात, डोळे, शेपूट अशी सुटी सुटी नावं ऐकत. हळूहळू गावाला वाटू लागलं, की रानात पंजा म्हणून काही एक आहे, दात म्हणून दुसरं काही आहे, आणि शेपूट म्हणून तिसरंच.

मग प्रत्येकाचा वेगळा बंदोबस्त झाला. पंज्यासाठी ओढ्याच्या काठाला बोरीच्या काट्यांचं कुंपण. दातांसाठी मुलांच्या गळ्यात बाभळीच्या लाकडाचा मणी. डोळ्यांसाठी तिन्हीसांजेला दारात दिवा. शेपटासाठी मात्र काहीच नाही. शेपटानं कधी कुणाचं काही वाकडं केलं होतं? पोरांना तर शेपटाची गंमत वाटे. मुली एकमेकींच्या वेणीला काथ्या बांधून शेपूट-शेपूट खेळत. आणि कुणी उगीच घाबरलं, की गाव हसून म्हणे, "अरे, शेपूट चावत नाही!"

येसू या गावची नव्हती. ती डोंगरापलीकडून सून म्हणून आली होती. लहान असताना तिनं ते जनावर पाहिलं होतं. माहेरच्या गोठ्यामागे, दिवसाढवळ्या. आधी गवतात शेपटाचं टोक हललं, मांजरीचं हलतं तसं, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग सगळं गवतच उसळलं. वासराला हंबरायलाही वेळ मिळाला नाही. वडिलांनी येसूला उचलून माळ्यावर टाकलं आणि तिच्या कानात त्या जनावराचं नाव सांगितलं. "लक्षात ठेव," ते म्हणाले. तिनं ठेवलं होतं.

लग्न होऊन आली त्या दिवसांत, जात्यावर दळताना, बोलता बोलता तिनं ते नाव घेतलं. सासूनं पिठाचा हात तिच्या तोंडावर दाबला.

"अगं बाई, काय करतेस! या गावात ते बोलत नाहीत. ज्या घरची बाई नाव घेते, त्या घरचा माणूस जातो."

"मग आत्याबाई, ते दिसलं तर म्हणायचं काय?"

"जेवढं दिसेल तेवढं म्हणायचं."

"आणि सगळं दिसलं तर?"

"तर डोळे मिटायचे."

येसूनं पिठासकट ते नाव गिळलं.

तिचा नवरा गोमा मोठा हसरा होता, आणि तितकाच विसराळू. बांबू तोडायला निघायचा आणि कोयताच घरी विसरायचा. मग येसू पदर सावरत त्याच्यामागे धावायची. तो वळून म्हणायचा, "मुद्दाम ठेवला होता. तू येतेस की नाही ते बघायला." अशा माणसाच्या जिवावर कोण खेळ करील? कधी येसूला वाटे, हे सगळं खोटं आहे. नाव घेतल्यानं काही होत नसतं. पण पुढच्याच क्षणाला वाटे, आणि खरं असलं तर? भीतीला एवढीशी फट पुरते.

एकदा थंडीच्या दिवसांत, सकाळी, ठकू नावाची बाई ओढ्यावरून रिकामीच घागर घेऊन धापा टाकत आली.

"ओढ्यावर पंजा!" ती म्हणाली. "ओल्या मातीत उमटलाय. माझ्या हातापेक्षा मोठा!"

गाव चावडीपुढे जमलं. नाईक आला. तो गावाचा कारभारी होता, वयानं सगळ्यांत वडील, आणि माणूस मनाचा चांगला.

"एकच पंजा?" त्यानं विचारलं.

"नाही, पुष्कळ. ओढ्यातून निघून वर गेलेत."

"म्हणजे पंजा ओढ्यावर आला आहे," नाईक म्हणाला. "सगळे गडी कुऱ्हाडी घ्या आणि ओढ्यावर चला. काट्यांचं कुंपण दुप्पट करायचं. आज पाण्याला कुणी एकटं जाऊ नका."

"आणि बांबूला?" गोमानं विचारलं. "केरबा नि मी निघालो होतो."

केरबा हा नाईकाचा एकुलता एक मुलगा, गोमाचा लहानपणापासूनचा जोडीदार.

नाईकानं क्षणभर विचार केला. "घळ वरती, पंजा खाली. तुम्हाला काय भीती? जा बिनघोर."

येसू बायकांच्या मागे उभी होती. वर गेलेत, असं ठकू म्हणाली होती. पंजा एका जागी राहत नाही, तो ज्याचा असतो ते चालतं, हे तिला ओरडून सांगायचं होतं. नाव तिच्या जिभेवर आलं. तिनं गोमाकडे पाहिलं. तो डोक्याला फडकं गुंडाळत होता. ज्या घरची बाई नाव घेते... तिनं ओठ घट्ट मिटले. निघताना तिनं त्याला नुसतं म्हटलं, "आज जाऊ नका."

"का गं?"

"उगीच. मन खातंय."

"मनाला म्हणावं, भाकरी खा. माझं डोकं खाऊ नकोस."

केरबा हसला. "वहिनी, आम्ही बांबूला चाललोय, पंज्याला भेटायला नाही. दिवस कलायच्या आत तुमचा नवरा आणून देतो परत."

दोघं घळीकडे गेले. बाकीचे गडी कुऱ्हाडी घेऊन ओढ्याकडे गेले. गावात बायका, मुलं आणि बांबू चिरल्याचा आवाज उरला.

दुपार झाली. दुपार कलली. येसू अंगणात टोपली विणत होती, पण वीण सारखी चुकत होती. शेजारणी म्हणाल्या, "आज सूनबाईचं ध्यान घळीत आहे." खरंच तिथेच होतं.

तेवढ्यात म्हातारी धुरपा आपल्या शेळ्या घेऊन आली. शेळ्यांच्या अंगावर शहारे होते आणि म्हातारी वैतागलेली होती.

"मेल्या शेळ्यांनी आज जीव काढला माझा. बेटाकडच्या गवतात शेपूट दिसलं, सकाळी, ऊन चढताना. एवढं लांब! त्याला बघून या ज्या उधळल्या, त्या पार पलीकडच्या माळावर. गोळा करता करता ही वेळ झाली."

बायका खो खो हसल्या. "आजी, तुमच्या शेळ्यांना सांगायचं ना, शेपूट चावत नाही म्हणून!"

येसू उठून उभी राहिली. मांडीवरची टोपली अंगणात गडगडत गेली.

"आजी, ते शेपूट हलत होतं का?"

"टोक हलत होतं. असं, मांजरीसारखं. इकडून तिकडे."

ओढ्यावरचे पंजे वर गेले होते. वर घळ होती. घळीच्या गवतात शेपूट हलत होतं. आणि घळीत गोमा होता. ती ओढ्याकडे धावत सुटली. सुनेला धावताना पाहून सासूही मागोमाग धावली.

ओढ्यावर सगळे गडी काटे रचत होते. गावातल्या सगळ्या कुऱ्हाडी तिथे होत्या, आणि सगळ्या पाठी डोंगराकडे होत्या.

"नाईकबाबा," येसू म्हणाली, "माणसं घेऊन घळीत चला. आत्ताच्या आत्ता. गवतात धुरपाआजीनं शेपूट पाहिलंय."

"शेपूटच ना?" नाईक मायेनं म्हणाला. "पोरी, त्याला काय भ्यायचं?"

"पंजा इथे नि शेपूट तिथे!" एक गडी म्हणाला. "एवढं लांब काय असतं गं, वहिनी? तुझ्या माहेरची वाट का?"

गडी हसले. येसूला रडू आलं, पण तिनं ते आवरलं. डोक्यावरचा पदर नीट केला आणि नाईकाला विचारलं, "नाईकबाबा, आपलं गाव केवढं?"

"चाळीस उंबऱ्यांचं. का गं?"

"उंबरा म्हणजे दारातलं आडवं लाकूड. तुम्ही उंबरा म्हणता तेव्हा तुम्हाला नुसतं लाकूड दिसतं?"

"लाकूड कसं? घर दिसतं. चूल दिसते, माणसं दिसतात."

"घर तुम्हाला ठाऊक आहे म्हणून दिसतं. ज्यानं जन्मात घर पाहिलं नाही, त्याला उंबरा म्हणजे सरपण. तसंच झालंय, नाईकबाबा. तुम्ही पंजा म्हणता, शेपूट म्हणता. पण ते ज्याचं आहे, ते इथे कुणीच पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. पंजा त्याचाच. दात त्याचेच. डोळेही त्याचेच. ते सगळं मिळून एक आहे, आणि ते एकदमच येतं. शेपूट हलतं ते झेप घालायच्या आधी."

आता कुणी हसलं नाही. एकाच्या हातातली काट्यांची फांदी खाली पडली.

"ज्याचं म्हणजे कुणाचं?" नाईकानं हळूच विचारलं.

येसू थांबली.

"घे की नाव," मघाचा गडी म्हणाला. त्याचा आवाज आता थट्टेचा नव्हता. "तुझाच नवरा आत आहे. तूच घे."

सासूनं जमिनीवर बसून सुनेचे पाय धरले. "नको, पोरी. माझं लेकरू आत आहे. तुझ्या पाया पडते, नाव नको घेऊस."

सासूनं सुनेचे पाय धरावेत, असं त्या गावात कधी झालं नव्हतं. येसू खाली वाकली. तिनं सासूचे हात सोडवले आणि आपल्या हातांत धरले.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मलाही भीती वाटते. पण ते आत आहे, आणि त्याला कुणी हाक मारलेली नाही."

मग तिनं नाव घेतलं.

"वाघ."

ती मोठ्यानं बोलली नाही. ओढा वाहतच राहिला. आभाळ होतं तिथेच होतं. पण नाईकाचा चेहरा बदलला. जन्मभर ऐकलेले सुटे सुटे तुकडे त्याच्या मनात एकमेकांजवळ सरकले. पंजे पायांना जुळले, दात जबड्याला, डोळे कपाळाला, शेपूट पाठीला. आणि त्या जुळलेल्या जनावरानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"केरबा!" नाईक ओरडला, आणि म्हातारा सगळ्यांच्या पुढे धावत सुटला.

सगळे धावले. वाटेत बायकांनी ताटं घेतली, पराती घेतल्या. गाव ताटं बडवत, आरडत घळीत शिरलं. आत पक्ष्यांचा आवाज नव्हता. बांबू एकमेकांना घासून कुरकुरत होते तेवढेच. गवताचं एकेक पातं हललं तरी माणसं जागच्या जागी थिजत. यापूर्वी ती या वाटेनं गाणी म्हणत जात असत.

गोमा एका उंच झाडावर सापडला. फांदीला मिठी मारून बसला होता. खाली उतरवताना त्याच्या हातांची मिठी सुटेना. त्याला बोलता येईना. त्यानं नुसतं गवताकडे बोट केलं.

तिथे गवत आडवं झालं होतं. केरबाचं पागोटं पडलं होतं. त्याचा कोयताही तिथेच पडला होता, अगदी स्वच्छ. उगारायलाही त्याला वेळ मिळाला नव्हता. पुढे, गवत दबलं होतं त्या वाटेनं, जे सापडलं ते नाईकानं आपल्या उपरण्यात गुंडाळलं, आणि कुणाला पाहू दिलं नाही.

वाघ निघून गेला होता. त्याला ना गावाच्या शपथेची खबर, ना काट्यांच्या कुंपणाची. तो अख्खा आला होता आणि अख्खाच गेला होता.

बऱ्याच वेळानं गोमाला वाचा फुटली. "भाकरी खायला निघालो होतो. गवतात शेपूट दिसलं. मी थबकलो. केरबा म्हणाला, अरे, चावतं का ते? चल, ओढून बघू, दुसऱ्या टोकाला काय आहे. हसत हसत आत गेला..."

गर्दीत मागून कुणीतरी पुटपुटलं, "हिनं नाव घेतलं, आणि बघा."

ते शब्द येसूला काट्यासारखे रुतले. कारण तेच ती स्वतःला विचारत होती. माझ्या घरचा वाचला, आणि दुसऱ्याच्या घरचा गेला का? ती नवऱ्याजवळ बसली.

"कधी?" तिनं विचारलं. "हे झालं कधी?"

"सावली पायाशी होती तेव्हा," गोमा म्हणाला.

सावली पायाशी होती तेव्हा येसू अंगणात टोपली विणत होती. तेव्हा धुरपा माळावर शेळ्या गोळा करत होती. ओढ्यावर नाव निघालं ते दुपार कलल्यावर. पुटपुटणारा माणूस गप्प झाला. येसूचं मन मात्र हलकं झालं नाही. नाव घेतल्यानं कुणी गेलं नव्हतं. न घेतल्यानं गेलं होतं. आणि सकाळी, चावडीपुढे, ते नाव तिच्या जिभेवर होतं.

नाईक पागोटं हातात घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"पोरी, सकाळी का नाही बोललीस?" त्यानं विचारलं. तिनं मान खाली घातली. मग त्यानं स्वतःच उत्तर दिलं. "कशी बोलशील? तोंड आम्हीच दाबलं होतं." तो गवताकडे वळला. "मी माझ्या लेकाला शेपूट शिकवलं. ज्याचं शेपूट, ते शिकवलं नाही."

सुतक फिटल्यावर नाईकानं गावातली सगळी मुलं चावडीपुढे बसवली आणि येसूला बोलावणं धाडलं. येसूनं कोळशानं चावडीच्या भिंतीवर वाघ काढला. नाकापासून शेपटाच्या टोकापर्यंत, हात न उचलता. काढता काढता ती सांगत गेली: हा कसा चालतो, कसा दबतो, त्याचं शेपूट कधी स्थिर असतं आणि कधी हलतं. एक लहान मुलगी रडायला लागली आणि आईला बिलगली.

"येसू, पोरं भितात गं," आई म्हणाली.

"भिऊ द्या," येसू म्हणाली. "फक्त अख्ख्या वाघाला भिऊ द्या."

मग तिनं मुलांकडून नाव म्हणवून घेतलं. मुलं आधी कुजबुजली, मग मोठ्यानं म्हणाली. सगळ्यांत मागे उभा राहून नाईकानंही ते म्हटलं. म्हणताना त्याचा आवाज मध्येच तुटला, पण त्यानं ते पुरं केलं.

त्या गावाची भीती गेली नाही. ती जाण्यासारखी नव्हतीच. रान तिथेच होतं आणि वाघही. पण त्यानंतर ओढ्यावर पंजा उमटला, की घळीत जाणाऱ्यांना आधी निरोप जाई. गवतात शेपूट हललं, की सगळं गाव ताटं बडवत बाहेर पडे. अंधारात डोळे चमकले, की दारं लागत आणि गुरं आत येत. घळीतून परत न आलेल्यांत केरबा शेवटचा ठरला.

संकटाचे तुकडे करून त्यांना वेगवेगळी नावं दिली म्हणून संकट तुटत नाही. ते अख्खंच येतं, म्हणून त्याला अख्खं ओळखावं.